बेवारस चित्रे आणि कॉपीराइट : विजयदुर्गपासून इंटरनेटपर्यंत

चित्र समोर असते, पण ते कोणी काढले हे कळत नाही. कधी चित्रकाराचे नाव कळते, पण वारस सापडत नाहीत. कधी वारसही सापडतात, पण हक्क त्यांच्याकडे आहे की बंद पडलेल्या एखाद्या प्रकाशनसंस्थेकडे, याचा कागद कोणाकडेच नसतो. कॉपीराइटची मुदत चालू आहे आणि परवानगी मागायला माणूस नाही, अशा कृतींना ‘अनाथ कृती’ म्हणतात. चित्रे संगणकावरून फिरू लागल्यावर हा प्रश्न ऐरणीवर आला, तरी तो मुळात कायद्याच्या हिशेबातून निघालेला आहे. कायदा मुदत मोजतो ती कर्त्याच्या मृत्यूपासून किंवा प्रकाशनाच्या सालापासून. नाव आणि साल यांपैकी एक हरवले की मोजणी अडते. विजयदुर्ग आणि आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा परिसर यांच्याशी निगडित चित्रांवरून ही अडचण कशी वाढत गेली ते क्रमाने पाहता येते.

किल्ल्यावरचा हल्ला आणि लंडनमधले चित्र

वाघोटन खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘घेरिया’ या नावाने येतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्स वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी त्याच्यावर समुद्रातून आणि जमिनीवरून हल्ला केला. किल्ला राखणाऱ्या तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले आणि किल्ला पडला. या घटनेचे सर्वांत परिचित चित्र डॉमिनिक सेरेस याने १७७१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी रंगवले. लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी तो एक होता. हे तैलचित्र ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे.

त्या काळी इंग्लंडात चित्रांचा कॉपीराइट होता, पण तो छापील चित्रांपुरता. चित्रकार विल्यम होगार्थ आणि त्याचे सहकारी यांच्या खटपटीमुळे १७३५ पासून कोरीव ठशांवरून छापलेल्या चित्रांना चौदा वर्षे संरक्षण मिळू लागले. १७६७ मध्ये ही मुदत अठ्ठावीस वर्षे झाली. त्यासाठी एक अट होती. प्रत्येक ठशावर आणि त्यावरून निघालेल्या प्रत्येक प्रतीवर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरलेली हवी. चित्रांच्या कॉपीराइटचा हा पहिलाच कायदा असा नाव आणि साल यांवर उभा होता. तैलचित्रे, रेखाटने आणि छायाचित्रे यांना इंग्लंडात संरक्षण मिळाले ते १८६२ च्या कायद्याने, कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि पुढे सात वर्षे. सेरेस तोवर केव्हाच निवर्तला होता. त्यामुळे घेरियाचे मूळ चित्र आज कोणाच्याही मालकीच्या कॉपीराइटखाली येत नाही.

असे असूनही जुन्या चित्रांच्या छायाचित्रांवर संग्रहालये अनेकदा हक्क सांगतात. सपाट चित्राच्या हुबेहूब छायाचित्राला नवा कॉपीराइट मिळत नाही, असे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात १९९९ मध्ये ठरवले. भारतात ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये निकाल दिला. तो खटला कायदेविषयक अहवालांचा होता. केवळ श्रम आणि खर्च केला म्हणून कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी स्वतःची निर्मिती हवी, असे न्यायालयाने सांगितले. ही कसोटी लावली तर जुन्या चित्राच्या निव्वळ नकलेला नवा हक्क मिळणे कठीण आहे.

ज्यांना सही नव्हती ती चित्रे

सेरेसच्या काळात कोकणात वेगळीच चित्रे निघत होती. विजयदुर्गजवळच्या गिर्ये येथील रामेश्वर मंदिराच्या भिंतींवर पुराणकथांची चित्रे आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने रंगवलेल्या पानांच्या पोथ्या दाखवत गात असत. या कलेला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. भित्तिचित्रावर किंवा पोथीच्या पानावर सही करण्याची रीत नव्हती. चित्र घराण्याचे किंवा समाजाचे मानले जाई, आणि एक पोथी पिढ्यान्‌पिढ्या वापरात राही.

पुढे अशा अनेक पोथ्या संग्राहकांच्या आणि संग्रहालयांच्या हाती गेल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही या शैलीची चित्रे आहेत. कायद्याच्या दृष्टीने ही जुनी चित्रे सर्वांसाठी खुली आहेत. ती काढली गेली तेव्हा भारतात कॉपीराइटचा कायदाच नव्हता. त्यामुळे एखाद्या कापड कंपनीने जुन्या पोथीतला राम-रावण साडीच्या पदरावर छापला, तरी पिंगुळीच्या कलावंतांना कॉपीराइटच्या आधारे काही मागता येत नाही. शैलीवर तर कॉपीराइट असतच नाही. तो असतो तो विशिष्ट चित्रावर. आजचा चित्रकथी नवे पान रंगवतो तेव्हा मात्र त्या पानाचा हक्क आपोआप त्याचाच असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या पिढीतील कलावंत नावाने ओळखले जातात, आणि नाव असल्यामुळे हक्कही सांगता येतो.

समूहाच्या कलेसाठी भारताने वेगळी वाट काढली. भौगोलिक निर्देशांचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला. वारली चित्रकलेची त्याखाली नोंद झाली आहे. ही नोंद प्रदेशाशी जोडलेल्या नावाचा गैरवापर रोखते. एखाद्या चित्राची नक्कल थांबवणे हा तिचा हेतू नाही.

छापखान्यांचे युग

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात कॉपीराइट आला तो १८४७ च्या विसाव्या कायद्याने. त्यात संरक्षण होते पुस्तकाला. पुस्तकाच्या व्याख्येत पत्रके, स्वरलिपी, नकाशे आणि आराखडे बसत. चित्राला स्वतंत्र स्थान नव्हते. मुदत होती लेखकाची हयात आणि पुढे सात वर्षे किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांतील जी अधिक ती. इंग्लंडचा १८६२ चा कायदा वसाहतींत लागू होत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने कॅनडातून आलेल्या एका दाव्यात १९०३ मध्ये स्पष्ट केले.

याच उणिवेच्या काळात महाराष्ट्रात छापील चित्रांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा सुरू केली. मुंबईत १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. देवादिकांची ही चित्रे घराघरांत गेली आणि त्यांच्या नकलाही तितक्याच वेगाने निघाल्या. नक्कल करणारा बहुधा मूळ चित्रकाराचे नाव गाळी आणि आपल्या छापखान्याचे नाव घाली. पुढच्या काळात ज्या हजारो चित्रांचा कर्ता ओळखता येत नाही, त्यांतील पुष्कळांची सुरुवात या नामांतरातून झाली.

जुन्या मजकुरावर नवा हक्क कसा उभा राहतो, याचा निर्णय याच काळात मुंबई उच्च न्यायालयात झाला. गंगाविष्णु श्रीकिसनदास यांनी ‘व्रतराज’ या प्रसिद्ध संस्कृत ग्रंथाची पंडितांकडून नव्याने मांडणी करवून, भर घालून आवृत्ती काढली होती. मोरेश्वर बापूजी हेगिष्टे यांच्या आवृत्तीत तोच मजकूर उतरला. मूळ ग्रंथ सर्वांचा असला तरी संपादनाचे नवे काम हे संपादकाचे, असे न्यायालयाने १८८९ मध्ये ठरवले. जुन्या पोथ्या आणि चित्रे पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्यांच्या दृष्टीने हा निकाल आजही महत्त्वाचा आहे.

ग्रहणाची छायाचित्रे

२२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत गेला. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्या ब्रिटिश तुकडीने विजयदुर्ग किल्ल्यावर तळ ठोकला. ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी तिच्या मदतीला होते. दुर्बिणींसाठी बांधलेले चौथरे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून अजून दाखवले जातात. त्याच दिवशी करमाळ्याजवळच्या जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी निरीक्षणे केली. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला.

भारतात चित्रे आणि छायाचित्रे यांना खरे संरक्षण मिळाले ते ब्रिटिश पार्लमेंटच्या १९११ च्या कायद्याने. ३० ऑक्टोबर १९१२ पासून तो येथे लागू झाला आणि १९१४ च्या भारतीय कायद्याने त्यात किरकोळ फेरफार केले. मुदत झाली कर्त्याची हयात आणि पुढे पन्नास वर्षे. छायाचित्राला मात्र मूळ काच किंवा फिल्म तयार झाल्यापासून पन्नास वर्षे दिली गेली. या हिशेबाने ग्रहणाच्या छायाचित्रांचा हक्क १९४८ मध्ये संपला. नायगमवाला १९३८ मध्ये वारले. त्यांच्या लिखित मजकुराचा हक्क १९८८ अखेरपर्यंत चालला. एकाच अहवालातील चित्र आणि मजकूर अशा रीतीने चाळीस वर्षांच्या अंतराने खुले झाले.

हा हिशेब मांडता येतो, कारण ग्रहणाच्या छायाचित्राची तारीख आकाशच सांगते. त्याच किल्ल्याचे, त्याच बंदराचे एखादे जुने छायाचित्र कुटुंबाच्या पेटीत किंवा रद्दीच्या दुकानात सापडले आणि त्याच्या मागे नाव-साल नसले, तर मुदत संपली की नाही हे सांगता येत नाही. १९५७ च्या कायद्याने छायाचित्राची मुदत प्रकाशनाच्या सालापासून मोजायला सांगितले. त्यामुळे केव्हा काढले याबरोबर केव्हा प्रसिद्ध झाले हेही शोधणे भाग पडले.

१९११ च्या कायद्याने आणखी एक मोठा बदल केला. हक्कासाठी नोंदणीची गरज राहिली नाही. कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९०८ च्या बर्लिन सुधारणेत ठरलेले हे तत्त्व होते : कृती तयार झाली की हक्क आपोआप जन्मतो. भारत स्वतंत्र सदस्य म्हणून १९२८ मध्ये या करारात आला. कलावंताला यातून मोठा दिलासा मिळाला, कारण अर्ज राहिला म्हणून हक्क बुडण्याची भीती गेली. पण त्याबरोबर मालक कोण हे सांगणारी नोंदवहीही गेली.

मासिके, मुखपृष्ठे आणि हरवलेले मालक

आजच्या सिंधुदुर्गातील आजगावचे काशीनाथ रघुनाथ आजगावकर हे काशीनाथ रघुनाथ मित्र या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक काढले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक प्रसिद्ध केला. त्यानंतर मराठीत सचित्र दिवाळी अंकांची परंपराच सुरू झाली. पुढे गोव्यातून आलेले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी अंकांची आणि पुस्तकांची मुखपृष्ठे, दिनदर्शिका, जाहिराती भरून गेल्या. दलालांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा अंकही चालवला.

या चित्रांच्या बाबतीत कायद्याने मालक एकीकडे आणि मुदतीचा हिशेब दुसरीकडे ठेवला आहे. १९५७ च्या कायद्याचे सतरावे कलम सांगते की, वेगळा करार नसेल तर कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. म्हणजे पैसे देऊन करून घेतलेल्या मुखपृष्ठाचा हक्क बहुधा प्रकाशकाचा. मुदत मात्र मोजायची चित्रकाराच्या मृत्यूपासून. दलाल १९७१ मध्ये वारले, मुळगावकर १९७६ मध्ये. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील हक्क अनुक्रमे २०३१ आणि २०३६ च्या अखेरपर्यंत चालू राहतील. त्यातल्या एखाद्या चित्राचा प्रकाशक चाळीस वर्षांपूर्वी व्यवसाय गुंडाळून बसला असेल, करार तोंडी झाला असेल आणि हिशेबाच्या वह्या रद्दीत गेल्या असतील, तर चित्रकाराचे नाव माहीत असूनही चित्र बेवारस ठरते. सही नसलेल्या आतल्या पानांवरच्या रेखाटनांची स्थिती याहून अवघड आहे. निनावी कृतीची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे असते. पण कर्त्याचे नाव त्या अवधीत उजेडात आले तर हिशेब पुन्हा त्याच्या मृत्यूवर जातो.

मुदतवाढीनेही भर घातली. स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला तेव्हा मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षे होती. १९४१ मध्ये निधन पावलेल्या रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपणार होती. त्या पार्श्वभूमीवर सरकारने आधी अध्यादेश काढून आणि मग १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ वर्षे केली. वाढ सर्वांनाच लागू झाली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये वारले होते. त्यांची चित्रे १९९५ च्या आरंभी खुली व्हायची ती २००५ च्या आरंभी झाली. ज्यांचे वारस हक्क सांभाळून होते त्यांना या दहा वर्षांचा लाभ झाला. ज्यांचा ठावठिकाणा नव्हता त्यांच्या कृती दहा वर्षे अधिक अडकून पडल्या.

भारतीय तोडगा : कलम ३१ क

मालक सापडत नसल्यास काय करायचे, याचे उत्तर भारतीय कायद्यात १९८३ च्या दुरुस्तीने आले आणि ऑगस्ट १९८४ पासून लागू झाले. नव्या ३१ क कलमानुसार अप्रकाशित भारतीय कृतीचा कर्ता मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर ती प्रसिद्ध करण्याचा परवाना कॉपीराइट मंडळाकडे मागता येऊ लागला. २०१२ च्या दुरुस्तीने त्याची कक्षा वाढली आणि आधी प्रसिद्ध झालेल्या, पण आता लोकांना उपलब्ध नसलेल्या कृतीही त्यात आल्या.

पद्धत अशी आहे. अर्जदाराने आपला प्रस्ताव देशाच्या बहुतांश भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात एकदा प्रसिद्ध करायचा. भाषांतरासाठी अर्ज असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही द्यायचा. मग चौकशी होऊन परवाना मिळाला तर ठरलेले मानधन सरकारी खात्यात किंवा सांगितलेल्या अन्य खात्यात भरायचे. मालक किंवा वारस पुढे केव्हाही येऊन ते मागू शकतात. चित्राला भाषांतर नसते. त्यामुळे मराठी मासिकातल्या चित्राची सूचना मराठी दैनिकात देणे बंधनकारक ठरत नाही, आणि मालवणात राहणाऱ्या वारसाला ती समजायची तर त्याच्या हाती त्या दिवशीचे इंग्रजी वृत्तपत्र पडायला हवे.

अर्ज ऐकणारी यंत्रणाही बदलत गेली. कॉपीराइट मंडळाचे काम २०१७ मध्ये बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाकडे गेले. २०२१ मध्ये ते मंडळही बरखास्त झाले आणि काम वाणिज्यिक न्यायालयांकडे व उच्च न्यायालयांच्या वाणिज्य विभागांकडे आले. एका मुखपृष्ठासाठी इंग्रजी दैनिकातली जाहिरात, वकील आणि न्यायालय यांचा खर्च चित्राच्या मानधनाहून कितीतरी अधिक होतो. त्यामुळे छोटे प्रकाशक आणि अभ्यासक या वाटेला जाण्याऐवजी चित्र वगळतात किंवा परवानगीवाचून छापतात.

ग्रंथालयांना २०१२ च्या दुरुस्तीने थोडी मोकळीक दिली. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय आपल्याजवळच्या छापील प्रतीची जतनासाठी संगणकीय प्रत करू शकते. ती सर्व जगासाठी खुली करणे हा मात्र वेगळा प्रश्न आहे. भारतातील मोठा उपक्रम असलेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या संग्रहात पुष्कळ जुनी मराठी पुस्तके होती. २०१७ च्या सुमारास कॉपीराइटच्या तक्रारींमुळे तो संग्रह बंद झाला.

अमेरिकेतील विधेयके आणि ऑनलाइन कलावंतांची भीती

अमेरिकेत १९७८ पर्यंत हक्कासाठी सूचना छापणे, मुदतीत नोंदणी व नूतनीकरण करणे यांना महत्त्व होते. त्यानंतर तेथेही हक्क आपोआप मिळू लागला आणि मालकांचा माग काढणे कठीण झाले. २००५ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने या प्रश्नावर मते मागवली आणि जानेवारी २००६ मध्ये अहवाल दिला. अहवालाची सूचना अशी होती : कसून शोध घेऊनही मालक सापडला नाही तर कृती वापरावी, मालक नंतर पुढे आला तर त्याला रास्त मोबदला द्यावा, पण एरवीची जबर नुकसानभरपाई लागू होऊ नये. त्यावर २००६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये विधेयके आली.

लेखक आणि ग्रंथालये यांच्या तुलनेत चित्रकार आणि छायाचित्रकार या विधेयकांनी अधिक धास्तावले. पुस्तकावर नाव छापलेले असते. इंटरनेटवर चित्र एका पानावरून दुसऱ्या पानावर गेले की सही कापली जाते आणि फाइलमधली कर्त्याची माहिती पुसली जाते. नावाने शोध घेता येतो, पण नाव नसलेल्या चित्राचा शोध तेव्हा जवळजवळ अशक्य होता. त्यामुळे कोणीतरी सही काढून टाकलेले कालचे चित्रही ‘शोधले, सापडले नाही’ असे म्हणून व्यापारासाठी वापरले जाईल, ही भीती होती. खासगी नोंदवह्यांत प्रत्येक चित्र पैसे भरून नोंदवावे लागेल, म्हणजे नोंदणीची सक्ती मागच्या दाराने परत येईल, ही दुसरी भीती. इलस्ट्रेटर्स पार्टनरशिप ऑफ अमेरिका या संघटनेने विरोधाची आघाडी सांभाळली. सप्टेंबर २००८ मध्ये सिनेटने विधेयक मंजूर केले, पण प्रतिनिधिगृहात ते पुढे गेले नाही आणि बारगळले. अमेरिकेत होणाऱ्या वापराला तेथील कायदा लागू होत असल्याने आपले काम इंटरनेटवर ठेवणाऱ्या भारतीय चित्रकारांचा प्रश्नही त्यात गुंतलेला होता.

युरोपीय संघाने २०१२ मध्ये निर्देश काढला. त्यात ग्रंथालये, संग्रहालये आणि तत्सम संस्थांना मुभा दिली, पण सुटी छायाचित्रे आणि सुटी चित्रे वगळली. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी कार्यालयातून परवाना देण्याची योजना सुरू केली. तिच्यात चित्रेही आली, मात्र शोधाचा पुरावा आणि आगाऊ शुल्क यांची अट घातली गेली.

भारतातील सद्यःस्थिती

अमेरिकी प्रस्तावात आधी वापर आणि मग मोबदला होता. भारतीय कलम ३१ क मध्ये आधी परवाना आणि मग वापर आहे. त्यामुळे ऑनलाइन कलावंतांना अमेरिकेत ज्याची भीती वाटत होती ते भारतात कायद्याने होत नाही. येथे चित्र हरवते ते नाव पुसले गेल्यामुळे. २०१२ च्या दुरुस्तीने यावर ६५ ख हे कलम आणले : कृतीला जोडलेली कर्त्याची आणि हक्काची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ५७ व्या कलमानुसार हक्क विकल्यावरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो, आणि २०१२ पासून त्याचे वारसही तो बजावू शकतात.

नोंदणी ऐच्छिक आहे. चित्राच्या नोंदणीचे शुल्क २०१३ च्या नियमांनुसार ५०० रुपये आहे. वस्तूंच्या विक्रीत वापरायच्या चित्रासाठी ते २००० रुपये आहे. रोज काही ना काही काढणाऱ्या चित्रकाराला प्रत्येक चित्राची नोंदणी परवडत नाही. म्हणून हक्काचा पुरावा व्यवहारात चित्रावरचे नाव, साल, मूळ फाइल आणि लेखी करार यांतूनच उभा राहतो. होगार्थच्या काळी ठशावर कोरायला सांगितलेल्या दोन गोष्टी आज कायद्याने सक्तीच्या नाहीत. मात्र वारसांना मानधन मिळणे, प्रकाशकाला परवानगी मिळणे आणि मुदत संपल्यावर चित्र सर्वांना खुले होणे, ही तिन्ही कामे अजूनही त्यांच्यावाचून अडतात.